‘आजी आहे ना!’

दसरा उलटला की आमच्या भागातल्या शाळांत हजेरीची तऱ्हा बदलते. बाई नाव पुकारतात आणि ‘हजर’ऐवजी अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "उसाला गेला!" पुढचं नाव. "उसाला गेली!" बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा आणि शिरूर कासार या तालुक्यांत मिळून मी २८ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत पटावरची निम्मी पोरं अशी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि होळी-पाडव्याच्या सुमारास उन्हानं रापून, पाढे विसरून परत यायची. पुढं हळूहळू निराळं उत्तर कानावर यायला लागलं. आईबाप उसाला, पोरगं मात्र वर्गात. विचारलं की सांगायचं, "मी आज्जीपाशी हाय."

त्या उत्तराचा मला आनंद व्हायचा, अजूनही होतो. पण त्याचं सरकारी भाषांतर ऐकलं की डोकं फिरतं. "आजी आहे ना!" केंद्रशाळेच्या बैठकीत ऐकलं, पंचायत समितीत ऐकलं, कारखान्यांची बाजू घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, एकदा तर कीर्तनातही ऐकलं. पोरं राहतात कुठं? आजी आहे ना. जेवतात काय? आजी आहे ना. हंगामी वसतिगृह अजून सुरू नाही, तोवर काय? अहो, आजी आहे ना!

दिवाळी जवळ आली की याच उद्गाराला जरीकाठी नेसवून मिरवणारेही निघतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शहरातली मुलं सुट्टीत शिबिरांत आणि मोबाइलमध्ये अडकली, त्यांना आजी-आजोबा पारखे झाले, या वाड्यांवरच्या मुलांकडे मात्र चूल आहे, गोधडी आहे, गोष्ट आहे, संस्कार आहेत. गरीब असतील, पण भाग्यवान आहेत. मग असल्या मुलांना वसतिगृहात कोंबायचं कशाला? मायेच्या माणसांतून उठवायचं कशाला?

हे लिहिणारे दुष्ट नाहीत. पण त्यांनी आजी पाहिली ती आपल्या लहानपणातली. वाडीवरची आजी त्यांनी पाहिलेली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. उसाच्या धंद्यात कोयता हे अवजाराचं नाव आहे तसं माणसांचंही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. पंधरा दिवसांचा हिशेब होतो तोही कोयत्यावर. आणि हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, कारण तो दोन माणसांचा धरलाय. त्या जोडीला पहाटे चार वाजता फडात उभं राहता येतं, कारण तिसरं माणूस तीनशे किलोमीटर मागं पोरांपाशी उभं आहे. तिच्याशिवाय ती जोडी कोयता म्हणून उभीच राहू शकत नाही. ती धंद्यातली कामगार आहे, बिनपगारी. तिला ‘माया’ म्हणून मोकळं होणं ही चलाखी आहे. आणि माया खरी असल्यामुळंच ती चलाखी खपते.

आता मुद्द्यांकडे येते.

आजोळाचा मुद्दा आधी घेते, कारण तो सर्वांत गोड आहे. आजोळ म्हणजे आईचं माहेर. सुट्टी लागली की आई पोरांना घेऊन जाते, चार दिवस तिलाही विसावा, मामा गाडी जुंपतो, आजी लाड करते, आणि सुट्टी संपली की सगळे परत. आजोळाची सगळी गोडी या ‘परत’मध्ये आहे. माझा नातू दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आठ दिवस येतो. मी चकलीची भाजणी आधीच दळून आणते, त्याच्यासाठी किल्ल्याची माती चाळून ठेवते. आठव्या दिवशी एसटीत बसवताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि कंबर म्हणते, सुटले बाई! दोन्ही खरं. मी ६३ वर्षांची, पेन्शन घेणारी, घरात गॅस आणि नळ असलेली बाई आहे. माझी नातवंडं येतात. वाडीवरच्या म्हातारीची नातवंडं येत नाहीत, ती राहतात. दिवाळी ते पाडवा राहतात. शिवाय ते आजोळही नव्हे, बहुतेक वेळा ते बापाचंच घर. मूल आपल्याच घरी आहे, फक्त त्या घरातून आई आणि बाप वजा झालेत. याला आजोळ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाच्या उपवासाचं कौतुक करण्यासारखं आहे.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट सांगते. सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते. कार्यालयातलं कपाट आवरायला म्हणून मी दुपारी शाळेत गेले. गेटाशी तीन भावंडं उभी. थोरली सातवीत, मधला चौथीत, धाकटा पहिलीत. धाकट्याच्या हातात ताटली. मी म्हटलं, "अगं, सुट्टी आहे, माहीत नाही का?" थोरली म्हणाली, "मला ठावं हाय बाई. ह्याला ठावं न्हाई. सकाळधरनं खिचडी खिचडी लावलंय. म्हून गेट दावाया आणलं." धाकट्याला बंद गेट दाखवायला ती एक मैल चालून आली होती. घरी म्हातारी होती, प्रेमळ होती, मी तिला ओळखत होते. पण ती त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला गेली होती. सकाळी करून ठेवलेल्या भाकरी अकरापर्यंत संपल्या होत्या.

सुट्टी या शब्दाचा अर्थ घराघरानुसार बदलतो. माझ्या नातवाला सुट्टी म्हणजे शाळेपासून सुटका. त्या पहिलीतल्या पोराला सुट्टी म्हणजे दुपारचं जेवण बंद. शालेय पोषण आहार शाळेच्या दिवसांचा असतो. शाळा बंद की चूल बंद. म्हणजे ज्या पंधरा-सोळा दिवसांत आजीवरचा भार सर्वांत जास्त, पोरं दिवसभर घरी, शेजारी दिवे, फटाके, कुणाच्या तरी घरी तळणाचा वास, नेमक्या त्याच दिवसांत सरकारचा हात निघून जातो. आणि आपण त्या दिवसांवर ललित लेख लिहितो.

‘दिवाळीला येतात की आईबाप!’ असंही सांगितलं जातं. येतात का? गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मुंबईत मंत्रिसमितीच्या बैठकीत ठरतं, पंचांग बघून ठरत नाही. २०२१ साली हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू करायचं ठरलं, लक्ष्मीपूजन होतं ४ नोव्हेंबरला. २०२२ साली पुन्हा १५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला. २०२३ साली १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन १२ तारखेला. सलग तीन वर्षं हंगामाची तारीख दिवाळीच्या आधी पडली. २०२४ साली ती १५ नोव्हेंबर झाली आणि दिवाळी आधीच उरकली होती, म्हणून त्या वर्षी पोरांना आईच्या हातची आंघोळ मिळाली. सगळ्याच टोळ्या पहिल्या दिवशी निघतात असं नाही. काही मुकादमाशी भांडून दिवाळी करून जातात, काहींचा ट्रॅक्टर वसुबारसेलाच दारात उभा राहतो. पण मुलाची दिवाळी आईसोबत होणार की नाही हे त्याच्या आईच्या हातात नसतं, एवढं तरी मान्य करा. आणि हंगाम संपतो कधी? २०२१-२२ ला ऊस इतका झाला की काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत रेंगाळलं. त्या वर्षी साखर उत्पादनात राज्य देशात पहिलं आलं म्हणून पेढे वाटले गेले. आमच्या वाड्यांवर काही म्हाताऱ्यांनी दिवाळीची सुट्टी एकटीनं काढली आणि उन्हाळ्याचीही.

ही म्हातारी कोण आहे, हे नीट सांगायला हवं. लेखांतली आजी नेहमी मऊ असते, सुरकुत्यांची, पांढऱ्या केसांची, पदराला शेंगदाणे बांधलेली. आमच्याकडची आजी म्हणजे निवृत्त कोयता. तिनं स्वतः पंचवीस-तीस हंगाम केलेले आहेत. बाळंतपणानंतर बाराव्या-पंधराव्या दिवशी फडात उतरलेली आहे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढलेली आहे, तेही रात्री, थंडीत. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. म्हणून तापातही गेलेली आहे. मणके झिजले, गुडघे गेले, तेव्हा तिनं कोयता सुनेच्या हातात दिला. धंद्यानं तिला वापरून घरी पाठवलं आणि घरी आल्यावर पुन्हा धंद्यालाच जुंपलं. फरक एवढाच की फडातल्या कामाला निदान टनाचा भाव होता.

रेशनच्या दुकानात ही बाई उभी असते तेव्हा मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, पुसून लाव. ती लुगड्याला अंगठा पुसते, परत लावते. कोयत्याच्या मुठीनं आणि पाचटानं घासून बोटांच्या रेषाच राहिलेल्या नाहीत, त्या कुठून उमटणार? मी स्वतः एकीबरोबर दोन तास थांबले होते. शेवटी तिनं सहावीतल्या नातीला पुढं केलं. नातीचा अंगठा एका फटक्यात उठला. म्हातारी मला हसून म्हणाली, "बघा बाई, शाळेचा गुण!" मला हसू आलं नाही.

याच बाईकडं मी एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पाहिली. प्रत्येक गोळी विळीवर धरून अर्धी केलेली. डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती का? नाही. "पट्टा पडस्तोवर पुरवायच्यात." कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा लेक येणार आणि दवाखान्यात नेणार. तोवर अर्धी गोळी, तिघा पोरांचं सरपण-पाणी, दोन शेळ्या आणि तीन तोंडांच्या भाकरी. आपलं स्वतःचं चौथं तोंड ती मोजत नाही.

एकत्र कुटुंबाचा दाखला देणाऱ्यांना एवढंच विचारते : तुमच्या एकत्र कुटुंबात आजी गोष्ट सांगायची तेव्हा भाकरी कोण थापत होतं? काकू थापत होती, आई वाढत होती, आत्या पाणी भरत होती. चार कर्त्या बायकांच्या आधारावर आजीला आजी होता येत होतं. दसऱ्यानंतरच्या वाडीवर कर्ती बाई औषधाला सापडत नाही. म्हातारे आणि पोरं, मधली पिढी गायब. तिथं आजी ही आजी नसते, तीच आई, तीच बाप आणि तीच सून. गोष्ट सांगायला तिला रात्री नऊ वाजता वेळ मिळतो, आणि तेव्हा पोरांच्या आधी तिचाच डोळा लागतो.

सरकार या बाईला काय देतं? पासष्टी उलटली असेल, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला असेल, तर श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये. योजनेचं नाव ज्यानं ठेवलं त्याला दंडवत. श्रावणबाळानं आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून खांद्यावर नेलं होतं. इथं कावड आईबापांच्या खांद्यावर आहे आणि दोन्ही पारड्यांत नातवंडं बसलीत. ते १,५०० रुपये तिच्या म्हातारपणासाठी आहेत, आणि त्यातून पहिलीतल्याच्या चपला येतात. बालसंगोपन योजना आहे, तिचे महिन्याला २,२५० रुपये आहेत, पण ती मुख्यतः अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठी. आमच्या पोरांचे आईबाप दोघंही जिवंत आणि धडधाकट. धडधाकट आहेत म्हणूनच तर उसाला नेलेत! तेव्हा तिथंही नाव लागत नाही. वर्षातले सहा महिने जे मूल आईबापाविना राहतं, त्याला आपल्या कागदांत नावच नाही.

दुसरीकडून येणारा हल्ला या कौतुकाच्या अगदी उलट असतो. आजीची आरती ओवाळणाराच वळून म्हणतो, की दोष आईबापांचा. उचल घेतात, लग्नात उधळतात, दारूत घालतात आणि पोरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून जातात. उधळणारे आहेत, नाकारत नाही. पुण्या-मुंबईतही आहेत, त्यांची पोरं मात्र कुणी मोजायला जात नाही. आमच्या डोंगरातली जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, एकरात निघणारी बाजरी घरालाच पुरत नाही. लाख-सव्वा लाखाची उचल आली की तिच्यातून आधी मागच्या हंगामाची बाकी फिटते, मग दुकानदाराची उधारी, मग म्हातारीच्या हातात एक ज्वारीचं पोतं आणि थोडे रोख पैसे ठेवून ट्रक हलतो. आणि मूल घरी ठेवण्यात या आईबापांचा तोटा असतो, हेही टीकाकारांना माहीत नसतं. बारा वर्षांचं पोरगं फडात वाढं गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं, पोरगी धाकट्याला सांभाळते, कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, स्वयंपाक करते. हे सगळे हात सोडून ते पोराला शाळेपाशी ठेवून जातात. टाकून जात नाहीत, ठेवून जातात. या दोन क्रियापदांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं आमच्या लोकांवर लिहू नये.

इथं आज्यांचं एक मोठं ऋण कबूल करते, आणि ते शिक्षण खात्यानंही करावं. शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कारखान्याच्या तळावरच्या साखरशाळा त्यानंतर मागं पडत गेल्या, मुलांना गावातच ठेवायचं धोरण आलं. धोरण कागदावर मुंबईत झालं, पार पाडलं ते या निरक्षर बायांनी. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत आज पोलीस आहेत, नर्सा आहेत, दोन शिक्षक आहेत. त्यांच्या दाखल्यावर पालक म्हणून सही बापाची असेल, पण पालक सभेला माझ्यासमोर अंगठा उठवायला आली ती आजीच. तेव्हा आजीकडं राहण्यानं मुलांचं वाटोळं होतं असं मी म्हणत नाही. उलट म्हणते, की आजी नसती तर खात्याचं वाटोळं झालं असतं. पण जिच्या जिवावर पट टिकला तिला एक वेळचं जेवणही देऊ नये?

आणि एका ठिकाणी आजी खरोखर हरते. मुलगी तेरा-चौदाची झाली की. भरल्या घरात सुद्धा या वयाच्या पोरीची काळजी असते, इथं तर घरात दिवसा कुणी नाही, रात्री एक म्हातारी, जिला नीट ऐकू येत नाही, मोतीबिंदूमुळं अंगणापलीकडचं दिसत नाही. वाडी ओस. शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा चार किलोमीटर. काही वाईट झालं तर मी लेकाला काय तोंड दाखवू, या धास्तीनं म्हातारीच फोन करून सांगते, आता हिचं उरकून टाका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं, बीड जिल्ह्यात ४३.७. याला एकच कारण नाही. पण माझ्या वर्गातून गेलेल्या पोरींपुरतं सांगते : त्यांतल्या बऱ्याच जणींचं लग्न ठरलं ते आजीच्या भीतीपोटी. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे, प्रेमाला हातपाय नव्हते म्हणून. आणि लग्न झालं की दसऱ्याला नवा कोयता तयार. गोधडी-गोष्टींच्या लेखात ही पोरगी कधी येत नाही.

आता वसतिगृहांचं. ‘मायेपासून तोडायचं का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी हंगामी वसतिगृह म्हणजे काय ते एकदा बघून यावं. त्यासाठी वेगळी इमारत, उंच भिंती, कडक वॉर्डन असलं काही नसतं. गावातलीच शाळा, शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायची, पोरांना सकाळ-संध्याकाळ जेवण. निजायला बरीच पोरं आपल्या आजीपाशीच जातात. म्हणजे माया आजीकडं आणि भाकरी शाळेकडं. कल्पना इतकी शहाणी आहे की ती सरकारला सुचली यावर विश्वास बसत नाही. अडतं ते तारखेवर. मी एका शाळेत मुख्याध्यापकपदाचा प्रभार सांभाळत होते. सप्टेंबरात घरोघर फिरून कोण जाणार, कोण राहणार याची यादी केली, दसऱ्याआधी प्रस्ताव दिला. पोरांचे आईबाप ऑक्टोबरात गेले. मंजुरीचा कागद डिसेंबरात आला. मधले दोन महिने, त्यात दिवाळी. मी वरच्या कार्यालयात विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर तुम्ही ओळखलंच असेल. आजी आहे ना.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, एकेकात १०० मुलं. सगळी उघडली, सगळी भरली, असं धरून चाललं तरी ८,२०० मुलं होतात. कामगार काही लाख आहेत. बाकीच्या मुलांचं काय, याचं उत्तर योजनेत लिहिलेलं नाही, पण ते गृहीत धरलेलं आहे. ते कोण, हे सांगायला नको.

पैसा नाही असं कृपा करून सांगू नका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं. २०२१-२२ च्या त्या विक्रमी हंगामात राज्यात १,३०० लाख टनांच्या वर ऊस गाळला गेला. चौथीतल्या पोराला गुणाकार घाला : नुसत्या कारखान्यांच्या वाट्याचे १३० कोटी होतात, एका हंगामाचे. वर्षातले पंधरा दिवस पोरांना खिचडी घालायला यातलं किती लागेल?

शेवटचा आक्षेप भावनेचा, आणि तो मला माझ्याच घरात ऐकावा लागला. आजीला मानधन द्या म्हटल्यावर माझा मुलगा म्हणाला, "आई, नात्याला पैसे लावायला लागलीस तू?" मी त्याला म्हटलं, मुकादम कोण असतो ठाऊक आहे का? बहुतेक वेळा भावकीतलाच. चुलता, मामा, साडू. तो टोळी जमवतो ती नात्याच्याच जोरावर, आणि त्याला टनामागं कमिशन मिळतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा त्याचंही कमिशन १ टक्क्यानं वाढलं. तेव्हा नातं बाटलं नाही. बाईच्या, त्यातून म्हाताऱ्या बाईच्या, कामाला मोल लावायची वेळ आली की लगेच नातं बाटतं. अंगणवाडीताईला मानधन दिलं म्हणून तिची माया कमी झाली का? मला पगार मिळायचा म्हणून मी पोरांवर जीव लावला नाही का? मुलगा गप्प बसला. पटलं की कंटाळला, देव जाणे.

माझं मागणं मोठं नाही. हंगामाची तारीख ज्या बैठकीत ठरते त्याच बैठकीत हंगामी वसतिगृहांची तारीख ठरवा, आणि ती आठ दिवस आधीची ठेवा. पोराच्या ताटाशेजारी आजीचं ताट मांडा. तिला सहा महिन्यांचं मानधन द्या, ते टनामागच्या पैशातून द्या, म्हणजे ती कुणाची कामगार आहे हे कागदावर येईल. सातवीपुढच्या मुलींना निवासी सोय आधी, मुलांना नंतर. आणि दिवाळीच्या सुट्टीत पोषण आहार बंद करू नका. सुट्टीत शाळेत अन्न शिजवता येत नाही असा काही निसर्गनियम नाही. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच दिला होता आणि आमच्या जिल्ह्यानं तशा सुट्ट्या पाहिलेल्या आहेत. चूल तीच, स्वयंपाकीण तीच, पोरंही तीच.

राहिला तांदळाचा प्रश्न. माझ्या शाळेत धान्यकोठीची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला होती. दिवाळीच्या सुट्टीत कुलूप लावताना आत तांदूळ असायचा. साठा नोंदवहीत दर वर्षी मीच तो आकडा लिहायचे.